खिळा, सुई आणि अंगठा

माझ्या आजीचं नाव सरस्वती. सातबाऱ्यावर मात्र ती 'सरसवती' होती. आधार कार्डावर सरस्वती, रेशन कार्डावर सरस्वतीबाई, आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग. तीन वर्षांपूर्वी पीककर्जाचं नवंजुनं करायला गेलो, तेव्हा एका कार्यालयात सांगण्यात आलं, की या दोन बायका नसून एकच आहेत, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. दिलं. "सदर दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे" या वाक्याखाली आजीनं निळा अंगठा उठवला आणि शेजारी कुणीतरी 'निशाणी अंगठा' असं लिहिलं.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "आरं, तुझ्याच मशिनीनं माझं नाव मोडलं ना?"

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. बिलं आणि पावत्या छापणाऱ्या प्रोग्रॅमचा एक कोपरा माझ्याकडे असतो. त्यामुळे कॉम्प्युटरनं केलेल्या सगळ्या पापांचा जाब घरचे मलाच विचारतात. पण या वेळी प्रश्न रास्त होता. घरातल्या पत्र्याच्या पेटीत हाताने लिहिलेला जुना सातबारा होता. आजोबा गेल्यावर वारस म्हणून आजीचं नाव लागलं, त्या वेळचा. तलाठ्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण त्यात 'स्व' स्वच्छ होता. म्हणजे अर्धा 'स' हाताकडून मशिनीकडे जाताना वाटेत कुठेतरी पडला. तो कुठे पडला ते शोधायला लागलो आणि शोधता शोधता बराच मागे गेलो. सगळ्यात मागचं टोक निघालं आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, दौंड तालुक्यात.

*

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. आत्या दिली दौंडला, रेल्वेतल्या माणसाला. दिवाळीत तिच्याकडे जायचं म्हणजे न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला आणि मग पुढे. चौफुल्याला एस्टी थांबली की मोठी माणसं कलाकेंद्रांच्या पाट्यांकडे न बघितल्यासारखं बघायची. तिथून जवळच केडगाव. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन एवढीच त्या गावाची ओळख मला होती. तिथे छापखाना होता, हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं.

रमाबाई (१८५८–१९२२) आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या शारदा सदनाच्या आणि धर्मांतराच्या वादातल्या. १८९०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ आणि प्लेगच्या काळात त्यांनी केडगावला शेकडो निराधार बायका-मुली आणल्या. तिथे शेती होती, विणकाम होतं आणि छापखानाही होता. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. फारसं न शिकलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ते बायबल केडगावच्याच छापखान्यात तिथल्या मुलींनी छापलं. पूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. त्यांच्या धर्माशी मला इथे कर्तव्य नाही. मला दिसतात त्या खिळे जुळवणाऱ्या मुली.

इंग्रजी खिळे जुळवणाऱ्याला दोन केस पुरतात, वरची आणि खालची. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांना 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात ते त्यावरूनच. देवनागरी जुळवणाऱ्यासमोर काही शेकडा खण असतात. क, अर्धा क, क्र, क्ष, कु, कू, शिवाय वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या. प्रत्येक खिळ्यावरचं अक्षर उलटं, आरशातलं. बोटांना खण पाठ व्हावे लागतात, कारण डोळे हस्तलिखितावर असतात. पान छापून झालं की सगळे खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. अर्धा 'स' चुकून पूर्ण 'स'च्या खणात पडला की पुढच्या पानावर कुणाच्या तरी नावाचा घात. म्हणजे आजीच्या नावातली चूक शंभर वर्षांपूर्वीही होऊ शकली असती. फरक एवढाच की तेव्हा ती चूक एका पानापुरती राहिली असती.

त्याच आवारात आणखी एक गोष्ट चालू होती. रमाबाईंची मुलगी मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवत होती. ब्रेल हाताने लिहायचं म्हणजे जाड कागद खाचांच्या पट्टीत धरायचा आणि टोच्याने मागच्या बाजूने टोचत जायचं. कागद उलटला की टिंबं वर येतात, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं. छापखान्यातली मुलगी उलटी अक्षरं जुळवतेय आणि थोड्या अंतरावर दुसरी मुलगी उलटी टिंबं टोचतेय. एकीचं अक्षर डोळ्यांसाठी, दुसरीचं बोटांसाठी. या दोघी एकमेकींना आपापल्या कामाबद्दल काय सांगत असतील, याचा मी उगाच विचार करत बसतो.

*

देवनागरीचे खण कमी करायची खटपट त्यानंतर पन्नास वर्षं चालली. त्याआधी १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. दगडावर हाताने लिहिलं की झालं. प्रश्न आला तो खिळ्यांबरोबर. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) या मुंबईच्या माणसाने खिळे ओतायचं नवं यंत्र काढलं, 'भिसोटाइप', पण त्यासाठी ते झगडले लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात. सावरकरांची 'अ'ची बाराखडी, म्हणजे अि, अी, अु, ही लिपिशुद्धी म्हणून सांगितली जाते. पण खिळ्यांची संख्या कमी करणं हे तिचं रोकडं कारण होतं. यंत्राला लिपी झेपत नाही, म्हणून लिपीनेच अंग चोरावं, असा तो सगळा काळ.

टाइपरायटरने तर कहरच केला. शेकडो खणांचा ऐवज पंचेचाळीस-सेहेचाळीस कळींवर आणायचा. तोडगा निघाला तो असा, की बरीचशी व्यंजनं अर्धी ठेवायची आणि पूर्ण हवं तर पुढे काना मारायचा. अर्धा ख अधिक काना म्हणजे ख. काही व्यंजनांना मात्र पूर्ण आणि अर्धं दोन्ही रूपं मिळाली. रेमिंग्टन मांडणीत 'स' त्यातलाच आहे. कळ दाबली की पूर्ण स, शिफ्ट धरून दाबली की अर्धा.

आत्याने लग्नाआधी शिरूरला टायपिंगचा क्लास केला होता, मराठी तीस शब्द मिनिटाला. अजून तिची बोटं टेबलावर नकळत चालतात. तिला मी विचारलं, की सरस्वतीची सरसवती कशी होईल? क्षणभरही न थांबता तिने उजव्या करंगळीजवळची हवा दाबली आणि डाव्या करंगळीकडे बघून म्हणाली, "शिफ्ट नाय लागली." मग म्हणाली, "किंवा लागली, पण पोरगं घाईत होतं."

*

आता सुयांकडे येऊ. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्याने ऐकला नाही असा माणूस ग्रामीण महाराष्ट्रात सापडणार नाही. दौंडला प्लॅटफॉर्मवर गाडी यायच्या आधी डब्याला चिकटवायचा तो लांबलचक चार्ट, कडेला भोकं असलेला, यातूनच निघायचा. लहानपणी आम्ही चुलत-आत्ये भावंडं त्यात ओळखीची आडनावं शोधायचो. १ मार्च २०१८ पासून रेल्वेने डब्यांना चार्ट चिकटवणं बंद केलं. पण साखर कारखान्याच्या काट्यावर तो प्रिंटर अजून करकरतो. ऊस भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं, आणि पावतीच्या तीन-चार प्रती एकदम निघतात. एक कारखान्याला, एक वाहतूकदाराला, एक शेतकऱ्याला. लेझर प्रिंटरला हे जमत नाही, कारण तो कागदावर आघातच करत नाही. कार्बन उमटायला ठोसा लागतो.

त्याची रचना सुतारालाही समजेल अशी आहे. एका डोक्यात बारीक सुयांची उभी रांग, प्रत्येकीमागे विद्युतचुंबक. डोकं आडवं सरकतं, हव्या त्या क्षणी हवी ती सुई फितीवर आपटते आणि कागदावर ठिपका उमटतो. केडगावच्या पोरींचा टोच्या आणि ही सुई यांच्यात तत्त्वाचा फरक नाही. एक टिंब उठवते, दुसरी रंगवते. १९७०च्या सेंट्रॉनिक्स १०१ मध्ये सात सुया होत्या. तेवढ्यात इंग्रजीची जी, पी, वाय या अक्षरांची शेपटी ओळीखाली उतरत नसे, त्यांना उकिडवं बसावं लागे. १९८० मध्ये एप्सनच्या एमएक्स-८०ने नऊ सुया आणल्या आणि इंग्रजी अक्षरांना पाय पसरायला जागा मिळाली.

आता या नऊ सुयांत देवनागरी बसवून बघा. आपलं अक्षर म्हणजे तीन मजली वाडा. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मध्ये मूळ अक्षर, तळाला उकार आणि जोडाक्षरांची उतरंड. प्रत्येक मजल्याला तीन ठिपके आले. त्यात 'ष्ट्र' काढायचा म्हणजे 'राष्ट्र' लिहिताना शाई सांडल्याचा भास. शिवाय प्रिंटरच्या पोटात जी अक्षरं कायमची भरलेली असायची ती इंग्रजी. त्याला 'ए' म्हटलं की तो 'ए' काढायचा. 'क' म्हटलं तर त्याला काही कळायचं नाही. मग कॉम्प्युटरने अक्षर न पाठवता चित्र पाठवायचं. या रकान्यात पहिली, चौथी आणि सातवी सुई, पुढच्या रकान्यात दुसरी, असं. एक ओळ छापायला डोकं दोन-तीनदा फिरायचं. १९८०च्या दशकात चोवीस सुयांचे प्रिंटर आले तेव्हा मराठी पानाला जरा चेहरा आला. तरी फीत जुनी झाली की 'स्व' आणि 'सव' यांच्यातला फरक उरतो एका फिक्या उभ्या रेघेचा. सुरुवातीच्या सातबारांच्या तपासणीच्या प्रती अशाच प्रिंटरांवरून निघाल्या असणार. रोज शेकडो उतारे तपासणाऱ्या माणसाला ती रेघ दिसली काय, न दिसली काय.

*

पण छपाईआधी अक्षर आत जावं लागतं. ही गोष्ट खास पुण्याची आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही. परम महासंगणकाचं कौतुक सगळ्यांना ठाऊक असतं, जिस्ट कार्डाचं नाव काढलं तर कॉम्प्युटरवालेही डोकं खाजवतात.

कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देवनागरीत चालणारा संगणक तयार झाला. ते काम करणाऱ्यांत मोहन तांबे होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे आलं. जिस्ट हे पीसीच्या आत बसवायचं एक कार्ड होतं. ते बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेससारख्या प्रोग्रॅमांतही मराठी लिहिता-वाचता यायचं. प्रोग्रॅमला पत्ता नसायचा की आपल्या पोटात मराठी चाललंय.

खरी अक्कल होती ती त्यामागच्या विचारात. टाइपरायटरने अक्षराच्या आकाराचे तुकडे केले होते. इथे आकार विसरून उच्चाराकडे बघितलं. 'क' म्हणजे ज्यात 'अ' आधीच आहे असा क. तो 'अ' काढायचा तर हलन्त. म्हणजे 'स्व' हा स, हलन्त, व अशा तीन खुणांचा क्रम. तो कसा दिसायचा ते मशीन ठरवेल. हीच रीत बंगाली, तमिळ, कानडी सगळ्यांना लागू, कारण सगळ्यांची बाराखडी एका पोटची. यातून इस्की ही संकेतप्रणाली आली, १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने भारतीय लिप्यांसाठी इस्कीचीच आधीची आवृत्ती पायाला घेतली. आज आपण फोनवर 'स्व' लिहितो, तेव्हा आतमध्ये हेच तीन संकेत एकामागे एक बसलेले असतात.

याच विचाराचा कीबोर्ड म्हणजे इनस्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. हलन्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, जिथे इंग्रजी 'डी' आहे तिथे. सरस्वती लिहायला सात कळी: स, र, स, हलन्त, व, त, दीर्घ वेलांटी. त्यातली चौथी राहिली की आजीला प्रतिज्ञापत्र करावं लागतं. टाइपरायटर शिकलेल्या ऑपरेटरकडून शिफ्ट राहते, इनस्क्रिप्टवाल्याकडून हलन्त राहतो. चुकांच्या वाटा दोन, मुक्काम एकच.

मला विचाराल तर इनस्क्रिप्ट ही गेल्या शतकातली मराठीसाठी झालेली सगळ्यात हुशार गोष्ट आहे. आणि ती शिकायची तसदी आपण कुणी घेतली नाही. मीही नोकरी लागल्यावर शिकलो, तेही एका बगमुळे.

लेझर प्रिंटरबद्दल थोडक्यात सांगतो. झेरॉक्सच्या गॅरी स्टार्कवेदरने कॉपी मशिनीत लेझर घालायची कल्पना १९६०च्या दशकाच्या शेवटी काढली, वरिष्ठांना ती आवडली नाही, म्हणून त्याने बदली मागून घेतली आणि १९७१ मध्ये पालो आल्टोला यंत्र चालवून दाखवलं. १९८४-८५ मध्ये एचपी आणि ॲपलचे लेझर प्रिंटर टेबलावर आले, इंचाला तीनशे ठिपके. आता देवनागरीला अंग चोरायची गरज उरली नाही. पण नवीन गोंधळ सुरू झाला. डीटीपीवाल्यांच्या फॉण्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले, प्रत्येकाने आपापल्या मनाने. फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. त्या चिवड्यातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना जी जोडाक्षरं मोडली त्यांची गणती नाही, आणि आजीचा 'स्व' तिथेही मोडला असू शकतो. या सगळ्यात एका माणसाचं नाव घ्यायला हवं, र. कृ. जोशी. अक्षरांचे आणि कवितेचे माणूस, जाहिरातीच्या जगातून आयआयटी मुंबईत शिकवायला आले. विंडोज २००० बरोबर 'मंगल' फॉण्ट आला तो त्यांचा. कितीही नावं ठेवली तरी सरकारी मराठीचा चेहरा बरीच वर्षं तोच होता. आणि ॲप, ॲसिड लिहिताना लागणारा 'ॲ' युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडलं, हेही सांगून ठेवतो.

*

स्पर्शाची गोष्ट वेगळीकडे सुरू होते आणि ती अक्षरांसाठी सुरूच होत नाही. १९६५ मध्ये इंग्लंडात माल्व्हर्नच्या रडार संस्थेतल्या ई. ए. जॉन्सनने पडद्याला बोट लावून काम करता येईल असं दाखवलं. हेतू होता विमानवाहतूक नियंत्रणाचा. कीबोर्ड शोधत बसायला वेळ नाही, बोट लाव आणि मोकळा हो. १९७२ मध्ये इलिनॉयच्या प्लेटो या शिकवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर अवरक्त किरणांची सोळा बाय सोळा जाळी होती. बोट आलं की किरण अडायचे आणि जागा कळायची. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये बेंट स्टम्पेने काचेवर तांब्याच्या अतिशय पातळ थरातून विद्युतधारकतेवर चालणारा पडदा केला, १९७६ मध्ये नव्या कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षात तो कामाला लागला. आपल्या खिशातल्या फोनचं तत्त्व हेच. काचेमागे विद्युतक्षेत्र असतं. आपलं शरीर पाणी आणि मिठाचं, म्हणून वीजवाहक. बोट टेकलं की त्या जागचा भार किंचित बदलतो. फोन दाब मोजत नाही, ओलावा मोजतो म्हटलं तरी फार चूक नाही.

२००७ नंतर हा पडदा सगळ्यांच्या हातात आला, पण मराठीला सुरुवातीला तिथे जागा नव्हती. पहिल्या अँड्रॉइड फोनांत आम्ही मराठी मेसेज उघडला की चौकोनांची माळ दिसायची. अक्षर दिसायला लागलं तरी लिहायचं कसं हा प्रश्न होताच. पन्नासेक अक्षरं बोटाएवढ्या कीबोर्डवर मावत नाहीत. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या चमूने 'स्वरचक्र' आणलं. त्यात पाटी लिहिणाऱ्या पोराला कळेल असा क-ख-ग-घ-ङ हा वर्णमालेचाच क्रम आहे. 'स'वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं: सा, सि, सी, सु, सू, से... हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलायचं. चक्रात हलन्तही असतो. तो निवडला की सगळा कीबोर्ड बदलतो आणि स्क, स्ख, स्ग, स्त, स्व अशी जोडाक्षरं कळींवर तयार दिसतात. इस्कीमध्ये जी गोष्ट आत लपलेली होती ती इथे बोटाखाली येते. खिळ्यांचे शेकडो खण परत आलेत, पण बोलावल्यावर हजर होणारे.

हे यंत्र म्हणून इतकं देखणं आहे, की ते का हरलं हे मला अजून नीट उमगत नाही. लोकांनी रोमनमध्ये 'kay' न म्हणता बोटं चालवली आणि फोनने त्याचं 'काय' करून दिलं. त्यातही कंटाळा आला तेव्हा माइकचं बटण दाबून बोलायला लागले. शाळेत इंग्रजी आधी शिकलेल्या पिढीला वर्णमालेचा क्रम आठवायला लागतो, हे त्याचं एक कारण असावं. माझ्या धाकट्या बहिणीला 'ट' नंतर काय येतं ते गाऊनच सांगता येतं.

आणि एक गोष्ट काचेने हिरावून घेतली. टाइपरायटरची कळ, जुन्या नोकियाच्या पाच आकड्यावरचं टिंब, हे बोटाला कळायचं. काच सपाट. आंधळ्या माणसाला सुरुवातीच्या टचफोनचा उपयोग खिडकीच्या तावदानाइतकाच. २००९ मध्ये आयफोनमध्ये बोटाखाली काय आहे ते बोलून सांगणारी सोय आली, पुढे काचेवर सहा बोटांनी ब्रेल लिहायचीही आली. तरी वाचायचं कानाने. मनोरमाबाईंच्या मुली कागदावर बोट फिरवून जे करत होत्या, ते ही काच अजून करू शकत नाही.

*

उरला अंगठा. तोही शोधच आहे, आणि आपल्याच देशातला. १८५८ मध्ये बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी करायची गणिती रीत बसवली, आणि १८९७ मध्ये तिथे ठशांची कचेरी निघाली. ज्याला अक्षर येत नाही त्याची ओळख कागदावर आणायची ही युक्ती. अक्षराशिवायचं इनपुट, असं आम्ही म्हणू. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभलीत आधार सुरू झालं आणि अंगठा पुन्हा सर्वांच्या कामाचा झाला, शिकलेल्यांच्यासुद्धा.

आजीचा अंगठा कागदावर उठतो, मशिनीवर उठत नाही. साठ वर्षं कांदा काटला, बाजरी खुरपली, शेणात हात घातले. रेषा झिजल्यात. वयाने कातडी कोरडी पडलीय. रेशनच्या दुकानात ती काचेवर अंगठा ठेवते, लाल दिवा लागतो, दुकानदार म्हणतो, "म्हातारे, पुसून ठेव." दुसरं बोट, तिसरं बोट. कधी चौथ्याला पटतं, कधी नातवाला बोलवावं लागतं. शाईच्या पॅडला तिचा अंगठा कधी नाकारता आला नव्हता.

नावाच्या दुरुस्तीचा अर्ज आम्ही केला. लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. खेटे घातले, ते सांगण्यात अर्थ नाही, शेती असलेल्या प्रत्येक वाचकाला ते तोंडपाठ असतील. त्या निमित्ताने गावातल्या एका जाणत्या माणसाने मला आठवण दिली. २०१७च्या उन्हाळ्यात संगणकीकृत सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं होतं. नावं मोठ्याने वाचून दाखवायची, चूक असेल त्याने सांगायचं. "तुझी आजी तिथं होती की," तो म्हणाला. मी घरी येऊन आजीला विचारलं. ती म्हणाली, होते. नाव वाचलं? वाचलं. काय वाचलं?

"सरसवती," ती म्हणाली. "बरोबर हाय म्हणलं मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी जन्मापासून तिच्या तोंडून तिचं नाव असंच ऐकत आलोय. तिच्या माहेरी, आमच्या आळीत, सगळे तसंच म्हणतात. जोडाक्षर फक्त कागदावर आहे. म्हणजे ऑपरेटरची शिफ्ट राहिली, हलन्त राहिला, फॉण्ट बदलताना मोडलं, की कुणीतरी नाव विचारल्यावर तिनेच सांगितलं आणि त्या पोराने ऐकलं तसं लिहिलं, हे आता ठरवता येणार नाही. माझा आतापर्यंतचा सगळा तपास त्या एका शब्दाने निकालात काढला.

दुरुस्त सातबारा आला. डिजिटल सहीचा, पंधरा रुपये भरून फोनवरच उतरवून घेतला. ओट्यावर बसून मी तिला मोठा करून दाखवला. तिला वाचता येत नाही, पण 'स्व' कुठे आहे ते तिने विचारून घेतलं. मग मी स्वरचक्र उघडलं आणि तिचा अंगठा धरून 'स'वर ठेवला. काही झालं नाही. परत ठेवला. काच ढिम्म. कोरडी कातडी तिथेही नडली.

तिने माझ्या हातातून अंगठा सोडवला, नोटा मोजताना लावते तसा जिभेला लावला आणि काचेवर टेकवला. चक्र उमललं. मी तिचं बोट हलन्ताकडे सरकवलं, सगळ्या कळी बदलल्या, मग 'व'च्या जागी टेकवलं. पडद्यावर 'स्व' आला. तिने जरा वेळ बघितलं.

"एवढ्यासाठी शंभर चकरा?" ती म्हणाली, आणि फोनला लागलेली थुंकी पदराने पुसायला लागली. त्या पुसण्यात आणखी सात-आठ अक्षरं उमटली.